बाईंची हरकत

आमच्या सोसायटीच्या फाटकात उभ्या राहून कमलबाई नेवासकर प्रत्येक नव्या माणसाला एकच प्रश्न विचारायच्या, "मुलकी का गैरमुलकी?" गॅसचं सिलिंडर आणणारा असो, नवा वॉचमन असो, नाहीतर कुणाचा तरी जावई असो. समोरचा गोंधळला की त्यांना फार आनंद व्हायचा.

मलाही विचारला होता. सामानाचा टेम्पो उतरत होता आणि मी यादी हातात घेऊन एकेक खोकं तपासत होते. साडीवर वकिलाचा काळा कोट घातलेली, पांढऱ्या केसांची, ठेंगणी बाई जवळ आली. तिनं माझ्या हातातली यादी तशीच वाकून वाचली आणि म्हणाली, "पोळपाट लिहिलाय, लाटणं नाही लिहिलं. हरवलं तर सिद्ध कसं करणार?" त्यानंतर तो प्रश्न. मला काही कळलं नाही. मी म्हटलं, "मी मूळची जळगावची."

"म्हणजे गैरमुलकी," त्या म्हणाल्या. "हरकत नाही. मीही तीच."

लाटणं यादीत लिहिलं. मग सावकाश बाईंबद्दल कळत गेलं. त्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या कोर्टात आयुष्यभर वकिली केली होती, तीही घरभाड्याच्या दाव्यांची आणि बहुतेक वेळा घरमालकाच्या बाजूनं. सनद माहेरच्या नावावर होती म्हणून लग्नानंतरही त्या नेवासकरच राहिल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी कॅनडात होती. वकिली सोडल्यावर काळा कोट वाया जाऊ नये म्हणून थंडीत फिरायला जाताना तो स्वेटरसारखा घालायच्या. "याच्याएवढी ऊब कशात नाही," म्हणायच्या. "यात किती जणांचे श्वास अडकलेत."

मुलकी हा शब्द त्यांच्या वडिलांनी घरात आणलेला. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हाची ही गोष्ट. त्या राज्यात सरकारी नोकरी हवी असेल तर माणूस मुलकी, म्हणजे त्या मुलखाचा, असावा लागायचा. बाहेरचा तो गैरमुलकी. बाईंचे वडील गोदावरीपलीकडचे, नेवाशाकडचे. नदीच्या त्या काठाला इंग्रजांचं राज्य, या काठाला निजामाचं. वडील एका खासगी शाळेत मास्तर होऊन अलीकडे आले. अलीकडच्या गावातून पलीकडच्या गावातलं देऊळ दिसायचं, पण कागदावर ते परदेशी होते. सुट्टीत घरी जाऊन आले की करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे जकातीच्या चौकीवर, पिशवी उघडून दाखवावी लागायची. नाकेदार रोज पाहणारा माणूस. तरी विचारायचाच, "मुलकी का गैरमुलकी?" एकदा पिशवीत आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी होती. वडील म्हणाले, "चटणी तिकडची आहे, भूक इकडची आहे. तुम्ही कशावर जकात घेणार?" नाकेदारानं चिमूटभर चटणी खाल्ली आणि सोडलं.

ही गोष्ट बाई सांगायला लागल्या की अंगात यायचं त्यांच्या. नाकेदार वेगळ्या आवाजात, वडील वेगळ्या आवाजात. पण त्यांना आवडणारा भाग पुढचा होता. मुलकी असल्याचा दाखला वडिलांना फार उशिरा मिळाला. वडील मात्र म्हणायचे, मी दाखल्यानं मुलकी झालोच नाही. झालो तो एका उन्हाळ्यात गावच्या आडावर. पाण्याच्या पाळीवरून ते कुणाशी तरी कडाडून भांडले. "हा परका मास्तर आम्हाला शिकवणार का?" असं तो माणूस म्हणाला. तेव्हा मागं उभा असलेला तोच नाकेदार म्हणाला, "परका असता तर गप बसला असता. पाण्यावरून भांडतोय म्हणजे इथलाच झाला."

"तेव्हापासून आमच्या घरी तीच परीक्षा," बाई सांगायच्या. "माणूस पाण्यावरून भांडला की मुलकी."

एकदा मी उत्साहानं म्हटलं, "किती छान गोष्ट आहे, बाई."

"छान काय त्यात?" त्या एकदम खेकसल्या. "त्या आडावर सगळ्या गावाला पाणी नव्हतं भरता येत. पिढ्यान् पिढ्या गावात राहणारी माणसं लांब उभी राहायची आणि नदीपलीकडून आलेला माझा बाप पाळीसाठी भांडायचा. हेही वडीलच सांगायचे, मान खाली घालून. नाका काय नदीवरच असतो असं नाही."

असं होतं त्यांचं. गोष्ट कुणालाही सहजासहजी गोड लागू द्यायच्या नाहीत. बोलता बोलता कुणी हळवं झालं की "मुद्दा काय?" म्हणून विचारायच्या. मी सोसायटीची सेक्रेटरी झाले तेव्हा माझ्या प्रत्येक नोटिशीवर लाल पेनानं हेच दोन शब्द लिहून यायचे. मी वाळूजच्या एका कारखान्यात भांडार विभाग सांभाळते. नटबोल्टपासून पिंपापर्यंत सगळं नोंदवून ठेवायची मला सवय. तरी बाईंच्या लाल पेनाच्या धाकानं माझ्या नोटिसा निम्म्या झाल्या आणि लोक त्या वाचायला लागले.

कोर्टातली त्यांची एक गोष्ट मला त्यांच्याच एका जुन्या अशिलानं सांगितली. गुलमंडीजवळच्या एका दुकानाचा दावा होता. भाडेकरू घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा. बाईंनी दावा जिंकला. कोर्टाच्या व्हरांड्यात अशील हात जोडून उभा राहिला तर बाई म्हणाल्या, "निकाल तुमच्या बाजूनं लागला. आता त्याला दिवाळीपर्यंत राहू द्या."

"कायद्यात तसं आहे का?"

"नाही. माझं तसं म्हणणं आहे. हक्क असणं वेगळं आणि तो आजच्या आज बजावणं वेगळं."

अशिलानं ऐकलं. "ऐकलं नसतं तर बाई पुढच्या दाव्यात त्या म्हाताऱ्याच्या बाजूनं उभ्या राहिल्या असत्या," तो मला म्हणाला. ते खरंही वाटलं मला.

बाईंचे आमच्या इमारतीत दोन फ्लॅट. एकात त्या राहायच्या. समोरचा त्यांनी मुलीसाठी घेतला होता आणि मुलगी काही परत येणार नाही हे मान्य केल्यावर भाड्यानं द्यायचं ठरवलं. तिथं सालिम आला.

सालिम येमेनचा. इथल्या विद्यापीठात इंग्रजी विषयात पीएच.डी. करायला आलेला. बरोबर बायको हनान आणि बालवाडीच्या वयाची मुलगी. आमच्या शहरात असे परदेशी विद्यार्थी नवीन नाहीत, पण त्यांना घर मिळणं सोपंही नाही. एजंट फोनवर हो म्हणतो आणि पासपोर्ट पाहिला की मालक गावाला गेल्याचं सांगतो. सालिम अशी बरीच घरं फिरून आला होता. बाईंनी त्याची उलटतपासणी घेतली. किती राहणार, घरी कोण, लढाई कुठपर्यंत आलीय, मुलीला गोवर झाला का. मग पंख्यांपासून खिडकीच्या कड्यांपर्यंत सगळ्याची नोंद करारनाम्यात करून घेतली, परदेशी नागरिक घरात ठेवल्याची माहिती त्याच दिवशी सरकारदरबारी कळवली, पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन आल्या. या बाबतीत त्या काटेकोर. "सरकारला विचारायचा हक्क आहे," म्हणाल्या. "विचारायचा."

आणि एक अट घातली. रोज संध्याकाळी अर्धा तास मराठी शिकायचं.

शिकवणारी बाई कोर्टातली. त्यामुळे सालिमचं मराठी भलतंच तयार झालं. तो भाजीवाल्याला "सदर मेथी ताजी आहे काय?" असं विचारायचा. मुलगी खेळताना पडली तर "माझी मुलगी उपरोक्त पायरीवरून पडली," असं सांगत यायचा. वॉचमन हसून लोळायचा. पण सालिमला या मराठीत एक गंमत सापडली होती. एक दिवस मी बाईंकडे गेले तर दोघं वहीत डोकं घालून बसली होती. सालिम एकेक शब्द वाचत होता. वकील. दावा. हक्क. मालक. तारीख. शर्त. कायदा.

"मॅडम," तो मला म्हणाला, "हे सगळे अरबी आहेत. आमच्या घरचे शब्द. इथं येऊन बसलेत."

"निजामाच्या आधीपासून बसलेत," बाई म्हणाल्या. "त्यांना कुणी व्हिसा विचारला नाही."

हनान मात्र शिकायला बसायची नाही. दारात उभी राहून ऐकायची, हसायची, आत निघून जायची. तिच्या तोंडून मराठी शब्द आम्ही कुणी ऐकला नव्हता. दोनदा मी तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला. तिनं मान हलवून ताटलीभर गोड पोळीसारखं काहीतरी मधात बुडवून हातात दिलं. बोलणं संपलं.

वर्षानं सालिमच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली. ती वाढवून घ्यायची म्हणजे कागद. कागद म्हटल्यावर मी पुढं झाले. पासपोर्ट, विद्यापीठाचं पत्र, मार्गदर्शकांचं पत्र, नोंदणी केलेला भाडेकरार, फोटो. सगळं एका फायलीत लावून दिलं. सालिम कार्यालयात गेला आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत आला. बाईंच्या दारात उभा राहून म्हणाला, "बाई, ते म्हणतात, आम्ही हलायचं नाही. खोलीतच राहायचं."

"कोण म्हणतं?"

"सोसायटीचं पत्र मागितलं. ना-हरकत."

 बाई इतक्या हसल्या की मी पाणी आणायला धावले. झालं होतं असं, की अरबीत हरकत म्हणजे हालचाल. हात हलवला ती हरकत, रस्त्यावर वर्दळ असली तीही हरकत. तो शब्द फिरत फिरत आमच्याकडे आला आणि त्याचा अर्थ झाला अडथळा, आक्षेप. त्यामुळे ना-हरकत पत्र म्हणजे सालिमच्या लेखी न हलण्याचं पत्र. घरातल्या घरात कैद.

"म्हणजे तुमच्याकडे हरकत म्हणजे हलणं," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "आणि आमच्याकडे हलणाऱ्याला अडवणं."

हसून झाल्यावर लक्षात आलं की हसण्यासारखं फारसं नव्हतं. पत्र द्यायचं सोसायटीनं. सोसायटीचे चेअरमन जाधवभाऊ. आणि जाधवभाऊंनी नेमका त्याच महिन्यात सभेपुढे एक ठराव आणला होता की बाहेरच्या लोकांना फ्लॅट भाड्यानं द्यायचे नाहीत. बाहेरचे म्हणजे कोण हे लिहिलं नव्हतं, पण इमारतीत बाहेरचं म्हणावं असं एकच कुटुंब होतं. पत्र नाही तर मुदतवाढ नाही. मुदतवाढ नाही तर देश सोडा. आणि सालिमच्या गावात जायचं म्हणजे कुठं जायचं हे त्यालाही माहीत नव्हतं. तिथलं त्याचं घर पडलं होतं. घरच्यांनी पाठवलेला फोटो त्यानं मला दाखवला होता. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा लोखंडी सांगाडा तेवढा उभा होता.

जाधवभाऊ वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगायला हवं. सिल्लोडकडचे. घरी मका, कपाशी. वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर. इमारतीत कुणालाही दवाखान्यात न्यायचं असेल तर पहिली गाडी त्यांची निघायची. पण त्यांचे दोन पुतणे कंत्राटावर कामाला होते, कायम होत नव्हते, आणि कंत्राटदार दर महिन्याला बाहेरून नवी माणसं आणून उभी करत होता. ते त्यांच्या मनात सलत होतं. त्यात पाणी. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. कधी येईल ते महापालिकेला आणि देवाला ठाऊक. ज्या दिवशी येतं त्या दिवशी लोक कामावर उशिरा जातात. उरलेल्या दिवसांची भिस्त गच्चीवरच्या टाक्यांवर आणि टँकरवर.

सभा पार्किंगमध्ये भरली. मी इतिवृत्त लिहायला बसले. बाई काळा कोट घालून आल्या. थंडी नव्हती.

जाधवभाऊ उभे राहिले. "माझं कुणाशी वैर नाय. सालिमभाई चांगला माणूस हाय, व्हय. पण नियम माणूस बघून करत नसतेत. उद्या पोलीस आले तर माझ्या दारात येणार. आन पाणी? इथं आपल्यालाच पुरत नाय. घरात पाव्हणा आला तर पाणी पाजू आपण. कायमचा बिऱ्हाड घेऊन आला तर इचारू का नाय?"

"विचारा की," बाई म्हणाल्या. "मला विचारा. फ्लॅट माझा आहे. माझ्या घरात कुणी राहायचं ते मी ठरवणार. हा माझा हक्क. त्याचं राहू द्या, आधी माझ्या हक्काचं बोला."

"बाई, तुम्ही तर जन्मभर माणसं घराबाहेर काढली," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

"काढली. मालकानं सांगितलं म्हणून काढली. या फ्लॅटची मालक मी आहे आणि मी सांगितलेलं नाही."

जाधवभाऊ बसले नाहीत. "बाई, मी साधा माणूस. पण एक सांगा. तुमच्या घराचं दार तुमचं, मान्य. मग ह्या फाटकाचं काय? हे फाटक आपल्या सगळ्यांचं. जमिनीखालची टाकी सगळ्यांची. तुम्ही एकटीनं कुणाला बी आत घ्यायचं आन पाणी आम्ही सगळ्यांनी वाटायचं, हा कुठला हक्क?"

 मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या बाहीला पुसला.

"हा मुद्दा आहे," त्या म्हणाल्या. "चांगला मुद्दा आहे, जाधव."

बाईंच्या तोंडून हे वाक्य मी तरी पहिल्यांदाच ऐकत होते.  खोटं उत्तर द्यायचं नाही असं दिसत होतं. "फाटक सगळ्यांचं आहे," त्या सावकाश बोलायला लागल्या. "फाटक काढून टाका असं मी म्हणत नाही. देशालाही फाटक असावं. पण फाटकात उभ्या असलेल्या माणसानं समोरच्याकडे बघून, विचारून मग काय ते सांगावं. न बघताच नाही म्हणायचं, म्हणून तुम्ही नियम करताय. सोपं जातं ते. नियम नाही म्हणतो, आपल्याला तोंड दाखवावं लागत नाही."

"तोंड दाखवतोय की मी," जाधवभाऊ दुखावून म्हणाले. "समोर उभा हाय."

सभा कुठंच जात नव्हती. लोक घड्याळं बघायला लागले. ठराव मताला टाकायचा तर सूचक, अनुमोदक अशी नावं मी लिहून तयार ठेवली होती आणि माझा अंदाज होता की तो पास होईल. पार्किंगच्या कडेला खांबाला टेकून सालिम उभा होता. भाडेकरूला मत नसतं, त्यामुळे तो सभेत बसला नव्हता. त्यानं हात वर केला.

मला वाटलं, आता हा विनंती करणार. घरच्या लढाईचं सांगणार, मुलीचं सांगणार. विनवणी ऐकल्यावर माणसं आणखी कडक होतात हे मी कारखान्यात पाहिलंय.

"माझी हरकत आहे," सालिम म्हणाला.

"कशाला?" जाधवभाऊंनी विचारलं.

"पाण्याला. सदर टाकीचा कॉक तुमच्याकडून उघडा राहतो. जाधवभाऊ, तुमच्या टाकीचा. ती भरून वाहते. दर वेळी. मी दोन वेळा सांगायला आलो, तुम्ही ड्युटीवर. तुमचं पाणी उपरोक्त पाइपातून गटारात जातं आणि माझ्या मुलीच्या आंघोळीला बादली नाही! कालसुद्धा! मी वॉचमनला सांगितलं, त्यानं ऐकलं नाही. ही काय पद्धत आहे?"

शेवटी त्याचा आवाज चढला होता. हात उगारलेला. समोर चेअरमन, ज्याची सही त्याला हवी होती. कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं. मी पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात बाईंनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "झाला!" त्या ओरडल्या. "झाला मुलकी! लिहा, सेक्रेटरी, लिहा! पाण्यावरून भांडला!"

फाटकातला तो प्रश्न इमारतीत प्रत्येकाला एकदा तरी विचारलेला होता, आडाची गोष्ट प्रत्येकानं ऐकलेली होती. आधी मागच्या रांगेतून हसू आलं, मग सगळीकडून. सालिमला काय झालं ते कळेना. तो अजून रागातच होता. जाधवभाऊ मात्र हसले नाहीत. ते जिना चढून गच्चीवर गेले. आम्ही खालून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत बसलो. परत आले तेव्हा पँट घोट्यापर्यंत ओली होती.

"वाहतंय," ते म्हणाले. "बॉल तुटलाय आतला. चांगलं गुडघाभर... आपलं, घोटाभर पाणी साचलंय."

"किती दिवस?" बाईंनी विचारलं.

"आता काय कोर्टात उभं करता का, बाई?" जाधवभाऊ खुर्चीत बसले आणि मग त्यांना हसू फुटलं. "च्यायला, चेअरमनलाच धरलं ह्यानं. आमच्या सिल्लोडात बी एवढं तोंडावर कुणी बोलत नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, ते पत्र टाइप करा. काय म्हणतेत ते, ना-हरकत. सही करतो."

"हरकत घेणाऱ्याला ना-हरकत," बाई म्हणाल्या. "शोभतं."

ठराव जाधवभाऊंनी मागं घेतला, पण सोडला नाही. सही करताना म्हणाले, "ह्याला देतो. उद्या आणखी धा जण आले तर?"

"तर दहा वेळा सभा घेऊ आणि दहा वेळा भांडू. तुम्हाला तरी दुसरं काय काम आहे रविवारी?"

त्यानंतरचे दिवस वाट बघण्याचे. फाईल पूर्ण होती, काही राहिलं नव्हतं हे मी पुन्हा पुन्हा तपासलं. सालिमची बॅग भरलेली दाराशी होती, कारण नकार आला तर दिवस कमी मिळतात. मुलगी त्या बॅगेवर बसून जेवायची. बाईंनी त्या दिवसांत फाटकात उभं राहणं बंद केलं होतं. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले असताना विचारलं, "बाई, तुमचं नक्की म्हणणं काय? उद्या सगळ्यांनाच येऊ द्यायचं?"

त्यांनी नेहमीसारखं "मुद्दा काय?" असं विचारलं नाही. "माहीत नाही गं," म्हणाल्या. "जाधवचं फाटक खरं आहे. त्याच्या पुतण्यांची नोकरीही खरी. आणि त्या बॅगेवर बसलेली पोरही खरी. वडिलांना दाखला मिळेपर्यंत आई रोज म्हणायची, आपण चोरी केल्यासारखं का राहतोय? मला एवढंच कळतं. माणूस नदी ओलांडून आला म्हणून त्याला चोर म्हणायचं नाही. बाकीचं भांडून ठरवावं लागेल. दर वेळी नव्यानं."

आणि मग एका सोमवारी कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, माझ्या फोनवर सालिमचा संदेश आला. "अर्ज मंजूर. पुढील तारीख एक वर्षानंतर."

मी डबा तसाच ठेवून बाहेर आले आणि उन्हात उभी राहून श्वास घेतला. किती दिवसांनी पोटभर घेतला असं वाटलं. बाईंना फोन लावला तर त्यांना आधीच कळलं होतं. "तारीख मिळाली ना?" त्या म्हणाल्या. "झालं तर मग. माझी अख्खी वकिली तारखांवर गेली. तारीख मिळाली की अशील त्या रात्री झोपतो." संध्याकाळी घरी आले तेव्हा समोरच्या दाराशी बॅग नव्हती. ती माळ्यावर चढवताना शिडी धरून उभे होते जाधवभाऊ.

पाण्याच्या पाळ्यांचा तक्ता माझ्याकडे असतो. कुणी कोणत्या दिवशी मोटार लावायची आणि कॉक बंद करायचा, ते त्यात लिहिलेलं असतं. त्या आठवड्यात मी त्यात सालिमचं नाव घातलं. मालकाचं घालायची पद्धत आहे, भाडेकरूचं नाही. बाईंनी लाल पेन काढलं नाही.

पुढच्या वर्षी बाईंची पाळी आली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि मुलीनं हट्ट धरला की आता कॅनडाला चलायचं. व्हिसाच्या मुलाखतीहून आल्या त्या खुशीत. "काचेपलीकडे पोरगी होती, तुझ्यापेक्षा लहान. मला विचारते, परत येणार कशावरून? बघ, मीसुद्धा नाक्यावर!" "मग तुम्ही काय सांगितलं?" "सांगितलं, माझी पाण्याची पाळी आहे." दुभाष्यानं ते कसं सांगितलं कोण जाणे, पण व्हिसा मिळाला.

तिकडून त्या परतल्या नाहीत. हिवाळा संपता संपता झोपेतच गेल्या. त्रास झाला नाही, असं मुलीनं कळवलं. त्याच्या आधी एकदा फोन आला होता. आवाज अगदी ठणठणीत. "सगळं ठीक आहे इथं. माणसं चांगली आहेत. पण नळ सोडला की पाणी येतं गं. दिवसरात्र. भांडायचं कशावरून? मी इथं गैरमुलकीच राहणार."

मला मात्र त्या आठवतात त्या निघाल्या त्या सकाळच्या. जाधवभाऊ त्यांना चिकलठाण्याला विमानतळावर सोडणार होते. बॅगा डिकीत गेल्या होत्या, काठी पुढच्या सीटशी टेकवली होती, काळा कोट मांडीवर. सगळी इमारत फाटकात जमली होती. नळाला पाणी आल्याचा तो दिवस होता, मोटार चालू होती. गाडी सुरू झाली आणि बाईंनी हात वर करून थांबवली. कान टवकारले. गच्चीवरून पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"जाधव, कॉक!"

"बाई, आज माझी पाळी नाय!"

"मग कुणाची आहे?" त्यांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि ज्या आवाजानं कोर्टात साक्षीदार घाम पुसायचे त्या आवाजात वर ओरडल्या, "अरे, कुणाची पाळी आहे? पाणी चाललंय!"

वरचा आवाज थांबला. गच्चीच्या कडेला ओल्या हातांनी हनान आली. कठड्यावरून वाकली. 

"बंद केला, बाई! केला बंद!" ती ओरडली. "किती ओरडता? जा तुम्ही, विमान चुकेल!"

 बाई काच वर करता करता, माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "लिही गं. ही पण झाली."